चाफ्याचा शेकडा चुकू लागला तेव्हा



वसईकडची माणसे किती पहाटे उठतात, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी एकदा विरारहून मुंबईकडे सुटणाऱ्या पहिल्या गाड्यांचा लगेजचा डबा पाहावा. केळीची पाने, भाजीच्या पाट्या, ओल्या फडक्यात बांधलेली फुले आणि त्यांच्यामध्ये अंग चोरून बसलेल्या बायाबापड्या. दादरचा फुलबाजार उजाडायच्या आत भरतो. तिथे वेळ चुकली की भाव चुकला.

अशाच एका फुलवाल्या वहिनींशी मागे बोलणे झाले. त्यांचे नाव सांगत नाही, गाव सांगत नाही, आणि ओळख पटेल असे दोन-चार तपशीलही बदलले आहेत. तसे का केले, ते पुढे तुमच्या ध्यानात येईलच.

वहिनी म्हणाल्या, "आमचा सोनचाफा शेकड्यावर जातो. यांचा हात इतका बसलेला, की गप्पा मारता मारता मोजायचे आणि शंभराची नव्याण्णव कधी झाली नाहीत. गेल्या पावसाळ्यापासून मोजणी चुकायला लागली. एक पुडी ऐंशीची, एक एकशेवीसची. गिऱ्हाईक चिडतं. एकदा तर दादरला उतरायचं सोडून पार चर्चगेटला गेले आणि तिथे बाकावर बसून राहिले. घरात बोलत नाहीत. वाडीला पाणी सोडलं तर बंद करायचं ध्यानात राहत नाही. गाव म्हणतं, दारू लागली. पण दारूचा थेंब नाही हो!"

मग त्यांनी इकडे-तिकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. नवऱ्याला एच.आय.व्ही.ची लागण आहे. नऊ वर्षे झाली, सरकारी दवाखान्याच्या गोळ्या चालू आहेत. त्यांना स्वतःलाही लागण आहे आणि त्याही गोळ्या घेतात. मुलगी मात्र निरोगी आहे, लग्नाची झाली आहे.

"दीर म्हणतात, तो रोग आता डोक्यात शिरला, दादा वेडा होणार, तेव्हा वाडीच्या कागदावर आत्ताच सही घेऊन ठेवू. आणि जाऊ म्हणते, त्या गोळ्यांनीच डोकं फिरलंय, बंद करा. मी कुणाचं ऐकू?"

मंडळी, हा प्रश्न एका घरचा नाही. म्हणून आज त्याचाच विचार करू.

जाऊबाईंच्या सल्ल्याचे उत्तर आधी देतो, कारण तिथे जिवाशी गाठ आहे. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. एक दिवससुद्धा नाही. शंका असेल तर गोळी चालू ठेवून डॉक्टरांना विचारा.

आता थोडे मागे जाऊ. एड्स हा आजार जगाच्या नजरेस आला १९८१ साली, अमेरिकेत. १९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्याचा विषाणू सापडला. आपल्या देशात तो पहिल्यांदा आढळला १९८६ साली, त्या वेळच्या मद्रास शहरात. तो शोधून काढणाऱ्या डॉक्टर सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या. त्यांच्याकडे शिकणाऱ्या डॉक्टर निर्मला यांनी रक्ताचे नमुने गोळा केले होते. ज्या काळी डॉक्टरसुद्धा अशा रोग्याला हात लावायला कचरत, त्या काळी सुनीतीबाईंनी या रोग्यांसाठी काम उभे केले आणि १९९३ साली वडिलांच्या नावाने चेन्नईत केंद्र काढले. २०१५ साली त्या वारल्या. मराठी वाचकांना हे नाव ठाऊक असावे म्हणून मुद्दाम सांगितले.

त्या काळी औषध नव्हते, माणसे झिजून जात. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत औषधोपचार सुरू केला. त्याला ए.आर.टी. म्हणतात. मुंबईचे जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक होते. पूर्वी रक्तातल्या सी.डी.फोर नावाच्या पेशी एका मर्यादेखाली गेल्यावरच औषध मिळे. २०१७ सालापासून लागण कळली की लगेच औषध, असे धोरण आहे. रोज नेमाने गोळी घेणारा माणूस आज पुष्कळ वर्षे जगतो, शेती करतो, नातवंडे खेळवतो. रक्तातला विषाणू चाचणीतही सापडू नये इतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही, हेही आता पक्के ठरले आहे.

शरीर तर सावरले. मग मनाचे आणि बुद्धीचे काय? त्याकडे मात्र कुणी फारसे पाहिले नाही. दवाखान्यात वजन घेतात, रक्त घेतात, गोळ्यांची डबी देतात. "झोप लागते का? हसता का? हिशेब जमतो का?" हे विचारणारे माणूस भेटलेच तर नशीब.

वहिनींच्या यजमानांसारखा माणूस विसरू लागला, तर त्यामागे तीन तऱ्हेची कारणे असू शकतात. झाड पिवळे पडले की आपण पाणी पाहतो, मूळ पाहतो, पान उलटून कीड पाहतो. तसेच इथे.

पहिले कारण मनाची मरगळ. डॉक्टर त्याला नैराश्य म्हणतात. एच.आय.व्ही. असलेल्या माणसांत ते इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आढळते, आणि त्यात नवल नाही. वर्षानुवर्षे एक गुपित छातीशी धरून जगायचे, डबी धान्याच्या कोठीमागे लपवायची, पाहुणे आले की गोळी चुकवायची, मुलीचे लग्न ठरताना कुणी काही बोलेल का म्हणून रात्रभर जागायचे. मन चिंती ते वैरी न चिंती. अशा माणसाचे लक्ष कुठे लागणार? लक्षच नाही तर ध्यानात काय राहणार? दोन आठवड्यांहून अधिक काळ माणूस उदास आहे, कशातच रस घेत नाही, झोप आणि भूक बिघडली आहे, जगून काय करायचे असे बोलतो आहे, तर तो आजार समजावा. तो बरा होतो. बोलण्याने होतो, औषधाने होतो, बहुधा दोन्ही मिळून होतो.

दुसरे कारण विषाणूचे स्वतःचे. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच हा विषाणू मेंदूपर्यंत पोचतो. तो विचार करणाऱ्या मज्जापेशींत शिरत नाही, त्यांची राखण करणाऱ्या भोवतालच्या पेशींत शिरतो. तिथे जी आग धुमसत राहते तिची झळ मज्जापेशींना लागते. रोपाला स्वतःला कीड नसते, पण मुळाजवळची माती बिघडल्यावर रोप कोमेजतेच. औषधे नव्हती तेव्हा पुष्कळ रोग्यांची बुद्धी अखेरीस पार ढासळायची. आज तितका गंभीर प्रकार क्वचित दिसतो. मात्र सौम्य प्रकार काही जणांत राहतो. काम हळू होते, दोन गोष्टी एकदम जमत नाहीत, बोलता बोलता शब्द सापडत नाही, हाताची चपळाई कमी होते. ज्यांचे औषध फार उशिरा सुरू झाले, पेशी फार खाली गेल्या होत्या किंवा जे मधेमधे गोळ्या सोडतात, त्यांना हा धोका अधिक.

तिसरे कारण इतर आजारांचे. बी-बारा जीवनसत्त्व कमी पडणे, थायरॉईड बिघडणे, साखर आणि रक्तदाब वाढलेला राहणे, दारू, जुना गुप्तरोग. यांतल्या पुष्कळ गोष्टी साध्या रक्ततपासणीत कळतात आणि त्यांवर उपाय आहे. काही गोळ्यांचाही त्रास होतो. पूर्वी इफाविरेंझ नावाची गोळी रात्री देत. तिने काहींना भयंकर स्वप्ने पडत, मन खिन्न होई. अलीकडच्या वर्षांत तिच्या जागी बहुतेकांना डोल्युटेग्राव्हिर देतात. तिनेही एखाद्याची झोप उडते. मग डॉक्टर गोळीची वेळ बदलतात किंवा गोळी बदलतात. म्हणजे जाऊबाईंची शंका अगदीच खोटी नव्हती, उपाय मात्र घातक होता.

एक धोक्याची खूण सगळ्यांनी ध्यानात ठेवा. ताप, खूप डोकेदुखी, उलट्या, मान ताठ होणे, झटका येणे किंवा माणूस एकाएकी असंबद्ध बोलू लागणे, यांतले काही दिसले तर भगताकडे न जाता त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मेंदूच्या आवरणात क्षय किंवा दुसरा जंतू शिरलेला असू शकतो. तिथे एकेक दिवस मोलाचा असतो.

आता वसईचीच गोष्ट का काढली, ते सांगतो. या एका तालुक्यात किती तऱ्हेची माणसे नांदतात! पश्चिमेला आगाशी, निर्मळ, भुईगावच्या वाड्यांतून कुपारी ख्रिस्ती आणि सामवेदी ब्राह्मण आपली कादोडी बोलतात. शेजारी वाडवळ आपली वाडवळी बोलतात. भंडारी आहेत, आगरी आहेत. अर्नाळ्याला आणि पाचूबंदरला कोळी. पूर्वेला पारोळ, भाताणे, सकवारच्या पाड्यांवर वारली आणि कातकरी. आणि नालासोपाऱ्याच्या चाळींतून उत्तर प्रदेश, बिहार, गुजरात, केरळ अशा दूरदूरच्या मुलखांतून पोटासाठी आलेली माणसे. २००९ साली महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला, पण माणसे आपापली बोली आणि आपापली लाज धरूनच आहेत.

दुखणे एकच असले तरी ओझे प्रत्येकाचे वेगळे. नाखवा आठ-आठ दिवस समुद्रावर असतो, तेव्हा होडीवर सगळ्यांसमोर गोळी कशी घ्यायची हा त्याचा प्रश्न. वारली-कातकरी कुटुंब भातकापणी झाली की वीटभट्टीवर जाते, तिथून औषधाचे केंद्र लांब पडते आणि गोळ्या खंडित होतात. चाळीतला परप्रांतीय एकटा असतो, त्याला गावी कळेल याची धास्ती. वाडीतल्या बाईला भीती वाटते ती जातगंगेची. पाहुणे सगळे पाच-सहा गावांतले, एका घरी शिंक आली तर दहा घरी कळते.

मनाचे दुखणे सांगायची भाषाही वेगळी. "मला नैराश्य आले आहे," असे कोणतीही म्हातारी म्हणणार नाही. ती म्हणेल, छातीत धडधडते, डोक्यात मुंग्या येतात, अन्न गोड लागत नाही, कामाला हात लागत नाही. डॉक्टर घाईत असले तर छातीची गोळी देऊन मोकळे होतात. बोली समजणारा समुपदेशक असेल तर खरे दुखणे बाहेर येते. म्हणून माझी सूचना अशी, की मराठी किंवा हिंदी अडखळत बोलणाऱ्या माणसाबरोबर त्याची बोली जाणणारे, त्याच्या विश्वासातले माणूस जावे. अट एकच, त्या रोग्याची तशी इच्छा हवी.

बुद्धीच्या परीक्षेचेही तसेच. कागद-पेन्सिल देऊन आकृत्या काढायला लावल्या, तर शाळेचे तोंड न पाहिलेली वारली बाई मागे पडणारच. पण तिला रानातली शंभर झाडे नावानिशी ठाऊक असतात. तिची बुद्धी कमी कशी म्हणायची? हा विचार शास्त्रज्ञांनाही करावा लागला. पुण्याजवळ भोसरीला १९९२ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या संशोधकांनी मिळून पुण्यातल्या १७४ मराठीभाषकांच्या परीक्षा मराठीतच घेतल्या. २०१२ साली त्याचा अहवाल छापून आला. मराठीच्या जोडीला हिंदी जितकी चांगली, तितके ते लोक एका कामावरून दुसऱ्या कामावर लक्ष वळवण्यात आणि चुकीची ओढ आवरण्यात सरस ठरले. दुसऱ्या एका परीक्षेत मात्र असा फरक पडला नाही. तात्पर्य काय, तर माणसाचे गुण त्याच्या भाषेवर आणि शिक्षणावरही अवलंबून असतात. निरोगी मराठी माणूस किती गुण मिळवतो हे ठाऊक नसेल, तर आजारी मराठी माणसाचे गुण कमी झाले हे कशावरून ठरवणार? इंग्रजी मापाने आपली पायली मोजू नये.

म्हणूनच २००५ साली एक छोटी परीक्षा पुढे आली, तिला लिहिता-वाचता यावे लागत नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोरला आणि आफ्रिकेतल्या युगांडाच्या कंपाला शहरात ती पडताळून पाहिली. चार शब्द सांगायचे आणि थोड्या वेळाने विचारायचे. मूळ शब्द आहेत कुत्रा, टोपी, घेवडा आणि लाल. मग पाच सेकंदांत बोटे किती भराभर आपटता येतात ते पाहायचे. नंतर हाताची मूठ, पालथा पंजा आणि उभा पंजा अशा तीन स्थिती लागोपाठ करायला सांगायच्या. तेवढ्यावरून रोग ठरत नाही. पुढे नीट तपासणी करायची की नाही, एवढेच समजते. तेव्हा कृपा करून ही परीक्षा घरी घेऊन कुणाला वेडा ठरवू नका.

घरच्यांनी करायची परीक्षा सोपी आहे. माणसाची तुलना शेजाऱ्याशी करू नका. त्याची त्याच्याशीच करा. गेल्या वर्षी जे हातखंडा काम होते ते या वर्षी चुकते आहे का? वहिनींनी नेमके हेच केले होते. चाफ्याचा शेकडा चुकतो हे त्यांच्या ध्यानात आले, आणि पाणी सोडल्याचे विसरणे, चर्चगेटला जाणे हे त्यांनी तारीखवार कॅलेंडरवर लिहून ठेवले. डॉक्टरांना त्या कॅलेंडरचा फार उपयोग झाला.

पुढे काय झाले? वहिनी नवऱ्याला घेऊन गोळ्यांच्या केंद्रावर गेल्या. समुपदेशकाने दार लावून घेतले आणि अर्धा तास काही न विचारता नुसते बोलू दिले. तेव्हा कळले, की धाकट्या भावाचे कुटुंब राहायला आल्यापासून भाऊ आठवड्यातून दोन-तीनदा गोळी चुकवत होते. डबी काढायला आडोसा मिळत नसे. मुलीचे एक स्थळ आले आणि कारण न सांगता परत गेले. त्या दिवसापासून त्यांना धड झोप नव्हती. "माझ्यामुळे पोरीचं वाटोळं झालं," एवढे एकच वाक्य ते पुन्हा पुन्हा म्हणाले. बायकोला हे कधी सांगितले नव्हते, आणि तिने विचारलेही नव्हते. दोघेही एकमेकांना जपत होते.

रक्त तपासले. विषाणू वाढला होता, बी-बाराही कमी होते. गोळ्या पुन्हा नेमाने सुरू झाल्या, जीवनसत्त्व सुरू झाले, मनाच्या डॉक्टरांनी एक औषध दिले. आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो म्हणतात, तसेच झाले. दोन महिने काहीच फरक दिसला नाही. मग झोप लागू लागली. पुढे विषाणू पुन्हा दबला. आता मोजणी बहुतेक बरोबर येते, पण पूर्वीसारखी गप्पा मारता मारता नाही. दहा-दहा फुलांच्या ओळी लावून मोजतात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे, की थोडी उणीव कदाचित राहील. तिच्यासकट जगायचे आहे.

आता दिरांच्या सहीचा मामला. हे विशेष ध्यान देऊन वाचा, कारण वसईत आज गुंठ्याला काय मोल आले आहे ते तुम्हाला सांगायला नको, आणि जमिनीपुढे नाती विसरली जातात हेही नवे नाही. मानसिक आरोग्याचा कायदा २०१७ सालचा आहे, तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्यात स्वच्छ म्हटले आहे, की माणसाला मानसिक आजार आहे एवढ्यावरून तो विकल मनाचा ठरत नाही. तसे ठरवण्याचा अधिकार न्यायालयाला आहे, भावकीला नाही. एच.आय.व्ही.चा कायदाही २०१७ सालचाच, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याने संमतीवाचून चाचणी करायला आणि संमतीवाचून दुसऱ्याचे दुखणे जाहीर करायला बंदी केली. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचे घर यांत भेदभाव करता येत नाही. लागण झालेल्या माणसाला एकत्र घरातून किंवा घराच्या कोणत्याही भागातून हुसकता येत नाही. नवऱ्यामागे सून घराबाहेर, हा प्रकार कायद्याला मान्य नाही. स्त्रियांना तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून वकील फुकट मिळतो. वहिनींना हे सगळे वापरावे लागले नाही. कायद्याची माहिती आहे एवढे कळल्यावरच कागद परत कपाटात गेला. पण प्रत्येकाचे नशीब असे नसते.

घरात काय करावे, तेही थोडक्यात सांगतो.

गोळीची वेळ रोजच्या अढळ कामाशी बांधा. कुणी देवापुढे दिवा लावताना घेतो, कुणी संध्याकाळच्या प्रार्थनेच्या घंटेला, कुणी म्हशीची धार काढून झाल्यावर. घड्याळ विसरते, म्हैस विसरू देत नाही. सात खणांची डबी मिळते, तीत आठवड्याच्या गोळ्या भरून ठेवा, म्हणजे घेतली की नाही हा घोळ होत नाही. लोहाच्या, कॅल्शियमच्या आणि आम्लपित्ताच्या गोळ्या डोल्युटेग्राव्हिरच्या कामात आड येतात, म्हणून त्या कधी घ्यायच्या ते विचारून घ्या. गावठी चूर्ण घेत असाल तर तेही डॉक्टरांपासून लपवू नका.

वीटभट्टीला, होडीवर किंवा गावी जायचे असेल तर आधी केंद्रावर सांगा. अधिक दिवसांच्या गोळ्या मिळतात का ते पाहा. मुक्काम लांबणार असेल तर तिथल्या जवळच्या केंद्रावर नाव बदलून घेता येते.

विसरणाऱ्या माणसाला काम बंद करू नका. काम सोपे करून द्या. एका वेळी एकच काम, वस्तूला ठरलेली जागा, हिशेबाला वही. रोज चालणे, पुरेशी झोप, रक्तदाब आणि साखरेवर नजर आणि दारूपासून लांब, हे मेंदूला खत-पाण्यासारखे आहे. चूक झाली की चारचौघांत हसू नका. "कालच सांगितलं होतं ना?" हे वाक्य घरातून हद्दपार करा.

आणि बोला. वसईकरांना बावखल सांगायला नको. वाड्यांमधून पूर्वजांनी ही तळी राखली. पावसाचे गोडे पाणी तिथे मुरते, म्हणून समुद्र इतका जवळ असूनही विहिरी गोड राहिल्या. जिथे बावखल बुजवले तिथे विहिरीला खारे पाणी चढले. घरातले मोकळे बोलणे तसेच आहे. ते बुजले की खार चढतो. ज्याच्याजवळ मन मोकळे करावे असे एक तरी माणूस प्रत्येक रोग्याला हवे. नवरा असो, बायको असो, पाद्री असो, शाळेतला जुना मित्र असो. घरात कुणी नसेल तर एच.आय.व्ही.सह जगणाऱ्यांचे गट आहेत. केंद्रावर विचारले की पत्ता मिळतो.

गावानेही आपले काम करावे. एकत्र जेवल्याने, एका विहिरीचे पाणी प्याल्याने, हात धरल्याने, डास चावल्याने हा रोग होत नाही. हे शाळेतली पोरेही आता घोकून सांगतात, मग मोठ्यांनी का विसरावे? कुणाच्या रक्तात काय आहे ही चौकशी करण्यापेक्षा, बरेच दिवस दिसला नाही म्हणून त्याच्या ओट्यावर जाऊन बसावे.

एच.आय.व्ही.बद्दल काही विचारायचे असेल तर १०९७ या क्रमांकावर फोन करा, पैसे पडत नाहीत, नाव सांगावे लागत नाही. मन फार खचले असेल, जीव नकोसा झाला असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर रात्री-अपरात्री केव्हाही बोला. तोही मोफत आहे. आपल्या माणसाच्या तोंडी असे बोलणे आले तर ते हसण्यावारी नेऊ नका आणि त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे त्या घरात कुलपात ठेवा.

मध्यंतरी वहिनी पुन्हा भेटल्या. मुलीचे दुसरे स्थळ बघत आहेत. आईबापांच्या दुखण्याचे काय करायचे, असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "पोरगी म्हणते, मुलाला मीच सांगणार. त्याला चाललं तर बघू." आणि मग हसून म्हणाल्या, "हे म्हणतात, एवढं शहाणपण हिला कुणी शिकवलं? मी म्हटलं, तुम्ही विसरलात, मी नाही."

बोलता बोलता त्यांनी पाटीतून एक पुडी काढून हातात ठेवली. घरी आल्यावर मी मुद्दाम मोजली. शंभर होती.